लहान मोटार-कारखाना आणि प्रायोगिक एंजिन : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचे उदाहरण

मुंबई बंदराच्या दक्षिण अंगास, अलिबाग तालुक्याच्या उत्तर किनाऱ्यावर मांडवा हे लहान बंदर आहे. गेटवे ऑफ इंडियापासून येथवर लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास असून पावसाळ्याचे महिने वगळता ही वाहतूक चालू असते. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाड्याही जहाजात चढवून येथे आणता येतात. धक्क्यावर उतरणाऱ्या या गाड्यांकडे अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाहिले तर असे आढळते, की गाडीच्या तोंडावर नाव एका कारखान्याचे असते आणि एंजिनाचा आराखडा पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्याचा असतो. काही वर्षांपूर्वीची मारुतीची डिझेल स्विफ्ट आणि टाटांची डिझेल मांझा या गाड्या बाजारात परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या. परंतु दोहोंतील १,२४८ घन सेंटिमीटरचे एंजिन मुळात एकच, इटलीच्या फियाट कंपनीने विकसित केलेले होते. ज्या जहाजातून त्या गाड्या येतात तेही ग्रीसमध्ये बांधलेले आहे.

या किनाऱ्यावरील होडीबांधणी पाहणाऱ्याला यात काही चमत्कारिक वाटणार नाही. होडीचा सांगाडा, फळ्यांची जोडणी, तळाचा आकार यांविषयीचे येथील सुतारांचे ज्ञान परंपरागत आणि पक्के आहे. यांत्रिक होडीला लागणारे डिझेल एंजिन मात्र ते घडवीत नाहीत. ते विकत आणून बसवतात. यावरून त्यांच्या कसबाला कोणी नावे ठेवीत नाही. मोटारगाडीच्या कारखान्याला मात्र हा न्याय लावला जात नाही. ज्याने स्वतःचे एंजिन निर्माण केले नाही तो कारखानदार केवळ जुळणी करणारा, असे सरसकट म्हटले जाते. महाराष्ट्रात हा आक्षेप सर्वाधिक ज्या संस्थेवर घेतला गेला ती म्हणजे मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड. सुमारे पन्नास वर्षे मोटारगाड्या बनवूनही या कारखान्याने स्वतःचे असे एंजिन बाजारात का आणले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ‘प्रायोगिक एंजिन’ या शब्दाची मर्यादा ठरवली पाहिजे. त्याचे दोन अर्थ होतात. ज्याचे मूलतत्त्वच निराळे आहे असे एंजिन, उदाहरणार्थ वायु-टर्बाइन किंवा दट्ट्याऐवजी फिरता घूर्णक असलेले वांकेल एंजिन, हा पहिला अर्थ. नेहमीच्या चार-धावी अंतर्ज्वलन एंजिनाचेच तत्त्व ठेवून, पण सिलिंडरचा ठोकळा, झडपांची रचना आणि ज्वलनकक्ष या सर्वांचा आराखडा नव्याने करून तयार केलेले एंजिन, हा दुसरा. पहिल्या प्रकारचे प्रयोग जगातील मोठ्या कारखान्यांनाही क्वचितच फळले आहेत. लहान कारखान्याविषयीचा खरा प्रश्न दुसऱ्या प्रकाराचा आहे. तथापि पहिल्या प्रकाराच्या इतिहासावरून दुसऱ्यातील अडचणीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, म्हणून त्याचाही विचार पुढे केला आहे.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना वालचंद हिराचंद यांनी सन १९४४ मध्ये केली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन (१९१९), बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०) आणि विशाखापट्टणचा जहाजबांधणीचा कारखाना (१९४१) यांच्या मागे उभा असलेला हा पुरुष केवळ आयात मालाच्या जुळणीवर समाधान मानणारा नव्हता. मोटारीच्या धंद्यात त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि डॉज, प्लिमथ, डी सोटो या नावांच्या गाड्या कुर्ल्याहून बाहेर पडू लागल्या. पन्नासच्या दशकाच्या आरंभी फियाटशी संबंध जोडला गेला. आधी फियाट ५०० आणि मग १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी येथे होऊ लागली. हीच गाडी पुढे डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी अशी नावे घेत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली.

या गाडीच्या एंजिनाची वंशावळ उद्बोधक आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, एकूण घनफळ १,०८९ घन सेंटिमीटर, झडपा माथ्यावर. हीच मापे फियाटच्या १९३७ मधील ५०८ सी या गाडीच्या एंजिनाची होती. म्हणजे कुर्ल्यातील शेवटची पद्मिनी बाहेर पडली तेव्हा तिच्या एंजिनाच्या मूळ मापांना साठ वर्षे उलटून गेली होती. हे ऐकून प्रीमियरला हसणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. खुद्द फियाटनेही, मधल्या काळात सुधारणा करीत, पण मापे तीच ठेवून, हे एंजिन १९६९ पर्यंत ११०० आर या गाडीत वापरले. ज्या कंपनीचे वार्षिक उत्पादन साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दहा लाखांच्या पुढे होते तिलाही हे एंजिन बत्तीस वर्षे सोडवले नाही. ते का, हे समजण्यासाठी एंजिन नेमके कशामुळे महाग पडते ते पाहिले पाहिजे.

एंजिनाचा खर्च त्याच्या आराखड्यात फारसा नसतो. कुशल अभियंत्यांचा छोटा गट वर्ष-दोन वर्षांत चांगला आराखडा देऊ शकतो. एका सिलिंडरचे चाचणी-एंजिन बनवून ज्वलनकक्षाचा आकार, संपीडनाचे प्रमाण, झडपांच्या उघडझापीची वेळ यांचे प्रयोग करणे हेही तुलनेने स्वस्त काम आहे. खर्चाला खरी सुरुवात त्यानंतर होते. सिलिंडरचा ठोकळा हे लोखंडाचे गुंतागुंतीचे ओतकाम आहे. त्याच्या पोटात पाणी खेळण्याचे मार्ग ठेवावे लागतात, त्यासाठी वाळूचे गाभे बनवावे लागतात, आणि गाभा साच्यात किंचित हलला तरी एखादी भिंत पातळ होऊन ठोकळा वाया जातो. ओतकाम बरे निघाले, की त्याला शेकडो भोके व पृष्ठे मिलिमीटरच्या शतांश भागाइतक्या अचूकतेने पाडावी लागतात. हे काम किफायतीने व्हावयाचे तर एकामागून एक यंत्रे जोडलेली खास रांग उभारावी लागते. आणि ही रांग बहुधा एका विशिष्ट ठोकळ्यासाठीच असते. दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर एकदा ठरले, की पुढे व्यास थोडा वाढवता येतो, धाव थोडी बदलता येते, पण ते अंतर बदलावयाचे म्हणजे रांगच मोडावी लागते. जुनी एंजिने दीर्घायुषी का होतात याचे रहस्य बहुतांशी या एका अंतरात दडलेले आहे.

याखेरीज सहनशक्तीच्या चाचण्या असतात. शक्तिमापकावर एंजिन शेकडो तास पूर्ण भारावर चालवणे, मग ते उघडून प्रत्येक धारवा, कडे आणि झडप मोजणे, दोष आढळला की भाग बदलून पुन्हा आरंभापासून चालवणे, असा हा क्रम आहे. त्यासाठी एक-दोन नमुने पुरत नाहीत. अनेक लागतात, आणि त्यांपैकी बहुतेक मोडण्यासाठीच बनवलेले असतात.

या खर्चाचा भार किती गाड्यांवर वाटला जातो यावर सर्व काही अवलंबून आहे. एक कल्पित हिशेब घेऊ. नवे एंजिन उत्पादनापर्यंत आणण्यास दहा कोटी रुपये लागतात आणि ते दहा वर्षे चालते असे मानले, तर वर्षाला बारा हजार गाड्या काढणाऱ्या कारखान्यात प्रत्येक गाडीवर ८३३ रुपये बसतात. वर्षाला तीन लाख गाड्या काढणाऱ्या कारखान्यात फक्त ३३ रुपये. गाडीची किंमत पंधरा हजार रुपये धरली तर पहिल्या कारखान्यात हा भार किमतीच्या साडेपाच टक्क्यांहून अधिक होतो, आणि यात व्याज धरलेले नाही. आकडे कल्पित असले तरी प्रमाण कल्पित नाही. सन १९७० च्या सुमारास प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड या तिघांनी मिळून वर्षाकाठी चाळीस हजारांहून कमी मोटारगाड्या बनवल्या. त्याच सुमारास इंग्लंडात मिनी या एकाच गाडीचे वार्षिक उत्पादन तीन लाखांवर गेले होते.

परंतु सरासरी खर्चाचा हा हिशेब अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग जोखमीचा असून अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते असे वाटते. मोठा कारखाना एकाच वेळी पाच-सहा प्रयोग चालवतो. त्यांतले चार फसले तरी उरलेल्या दोहोंतून भरपाई होते. लहान कारखान्यापाशी एकाच प्रयोगापुरते भांडवल असते. तो फसला की प्रयोगाबरोबर कारखानाही जातो. यशाची शक्यता दोघांनाही सारखीच असली तरी अपयशाची किंमत सारखी नसते.

प्रीमियरच्या दोन्ही परदेशी सहकाऱ्यांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. फियाटने १९५४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी कुर्ल्यात ११०० ची निर्मिती सुरू झाली त्याच वर्षी, तुरीन येथे टर्बिना ही टर्बाइनवर चालणारी मोटार जगापुढे आणली. ती बाजारात कधीच गेली नाही. क्रायस्लरने त्याहून मोठी मजल मारली. टर्बाइनच्या पंचावन्न गाड्या बनवून त्यांपैकी पन्नास १९६३ ते १९६६ या काळात दोनशेतीन ग्राहकांना आळीपाळीने वापरावयास दिल्या, त्यांचे अनुभव टिपून घेतले, आणि नंतर बहुतेक गाड्या मोडीत काढल्या. क्रायस्लरने आपली वर्षानुवर्षांची मेहनत अशी भट्टीत घातली आणि तरीही ती साध्या गाड्या विकून नफा मिळवीत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्याला असा एक प्रयोगही परवडला नसता.

पश्चिम जर्मनीतील नेकार्सउल्म येथील एन.एस.यू. या कंपनीने नेमके हेच धाडस केले. ती मोटारसायकली व लहान गाड्या बनवणारी मध्यम आकाराची संस्था होती. फेलिक्स वांकेल यांच्या फिरत्या घूर्णकाच्या कल्पनेवर तिने सर्वस्व पणाला लावले आणि १९६७ मध्ये आर.ओ. ८० ही गाडी बाजारात आणली. गाडी युरोपात त्या वर्षातील सर्वोत्तम ठरली; पण घूर्णकाच्या टोकांवरील रोधपट्ट्या लवकर झिजत आणि हमीच्या मुदतीत एंजिनामागून एंजिन बदलून देण्याची पाळी कंपनीवर आली. १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पुढाकाराने तिचे ऑटो युनियनमध्ये विलीनीकरण झाले. याच तत्त्वाचा परवाना घेतलेल्या जपानच्या तोयो कोग्यो कंपनीने सत्तेचाळीस अभियंत्यांचे स्वतंत्र पथक या कामावर बसवले. सिलिंडरच्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. ते नाहीसे करण्यातच त्यांची काही वर्षे गेली. तोयो कोग्यो वाचली, याचे एक कारण असे, की तिच्या नेहमीच्या गाड्या व मालवाहू वाहने या काळात खपत होती. स्वीडनच्या साब कंपनीने १९६७ मध्ये आपल्या दोन-धावी एंजिनाऐवजी फोर्डचे व्ही-चार एंजिन घेतले आणि पुढच्या गाडीसाठी इंग्लंडच्या ट्रायम्फकडे धाव घेतली. विमाने बनवणाऱ्या घराण्यातील कंपनीने दुसऱ्याच्या दारी एंजिन मागावे, यात कमीपणा कोणाला वाटला असेल तर तो हिशेबनीसांना खचित वाटला नसेल.

आता भारतातील परिस्थितीकडे वळले पाहिजे. कारण वरील कारणे सर्वत्र लागू असली तरी येथे त्यांत आणखी काही कारणांची भर पडली. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने असे धोरण ठरवले, की ज्यांच्यापाशी देशात टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याची योजना आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपली जुळणीची केंद्रे बंद केली. प्रीमियर राहिली आणि तिने आपली अभियांत्रिकी शक्ती एका विशिष्ट कामाला लावली. परदेशी आराखड्यातील प्रत्येक भाग देशी लोखंडातून, देशी यंत्रांवर, देशी पुरवठादारांकडून हुबेहूब करून घ्यावयाचा, हे ते काम. हे काम हलके नव्हे. पुण्याजवळ मुंढव्याला भारत फोर्ज (स्थापना १९६१) किंवा बंगळूरला मायको (१९५१) यांसारख्या संस्था उभ्या राहण्यापूर्वी घडीव भाग आणि विद्युत साहित्य कोठून मिळवावे हाच प्रश्न असे. परंतु या कामाचा एक परिणाम असा झाला, की मूळ नमुन्यापासून ढळणे हा दोष आणि त्याला चिकटून राहणे हा गुण, अशी शिस्त कारखान्यात रुजली. अनुकरणात मुरलेल्या कारखान्याला प्रयोगाची वाट सहसा सापडत नाही.

परकीय चलनाची टंचाई हे दुसरे कारण. नव्या एंजिनासाठी लागणारी खास यंत्रे आयात करावयाची तर परवाना हवा, आणि मोटारगाडी ही चैनीची वस्तू मानली गेल्यामुळे त्या परवान्यांच्या रांगेत तिचा क्रमांक बराच मागे असे. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर वैधानिक नियंत्रण आले. कारखान्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि न्यायालयाच्या सूचनेने किमतींची चौकशी करणारा आयोग बसला. अशा व्यवस्थेत किंमत ठरते ती झालेल्या खर्चावर वाजवी परतावा धरून. पुढे कधीतरी फळणाऱ्या संशोधनाचा खर्च तीत बसवणे अवघड. शिवाय विक्रीची चिंताच नव्हती. पैसे भरून नाव नोंदवलेला ग्राहक फियाटसाठी वर्षानुवर्षे वाट पाहत असे. नवे एंजिन दिल्याने त्याची रांग लांबलीही नसती आणि न दिल्याने तुटलीही नसती.

तिसरे कारण ग्राहकाच्या बाजूचे होते. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा धंदा पुढे मुख्यतः याच गाडीवर उभा राहिला. टॅक्सीवाल्याला अधिक अश्वशक्ती नको होती. रस्त्याच्या कडेला कोणत्याही मिस्त्रीला उघडता येईल आणि ज्याचे सुटे भाग जुन्या बाजारात मिळतील असे एंजिन त्याला हवे होते. १,०८९ घन सेंटिमीटरचे एंजिन ही अट अक्षरशः पुरी करी. इंधनही प्रतिकूल होते. त्या काळी देशात मिळणारे साधे पेट्रोल कमी ऑक्टेनचे असल्यामुळे संपीडनाचे प्रमाण वाढवून शक्ती मिळवण्याचा राजमार्ग बंद होता. एंजिन ठोके देऊ लागले असते.

येथवरचे विवेचन प्रीमियरच्या बाजूचे झाले. परंतु १९७२ नंतरच्या काळाविषयी इतक्या सहानुभूतीने लिहिता येत नाही. फियाटशी असलेला परवाना-करार त्या सुमारास संपला. गाडीचे नाव आधी प्रेसिडेंट, मग १९७४ मध्ये पद्मिनी झाले. आराखड्यावरील बंधन सुटले, आणि नेमक्या त्याच क्षणी कारखान्याने बदलले ते मुख्यतः नाव. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले व गाड्यांची मागणी एकाएकी घसरली हे खरे. नव्या उद्योगाला हा काळ वाईट होता. पण पुढील दहा वर्षांत मागणी सावरली, बाजार संरक्षित राहिला, आणि तरीही लहानसा का होईना एंजिन-संशोधनाचा कायम विभाग उभारून त्याचे फळ बाजारात आल्याचे दिसत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या ७९६ घन सेंटिमीटर, तीन सिलिंडरांच्या एंजिनाची मारुती ८०० आली तेव्हा प्रीमियरपाशी उत्तर नव्हते. ते तिला बाहेरूनच आणावे लागले. १९८५ च्या ११८ एन.ई. या गाडीची काया फियाट १२४ ची होती आणि एंजिन निसानचे, १,१७१ घन सेंटिमीटरचे, ‘एन.ई.’ ही अक्षरे ‘निसान एंजिन’ याचीच होती. एंजिन परके आहे ही गोष्ट नावातच भूषण म्हणून मिरवणारी गाडी विरळाच. नव्वदच्या दशकातील डिझेल गाड्यांसाठी इटलीच्या एफ.एन.एम. कंपनीचे १,३६६ घन सेंटिमीटरचे एंजिन आले. कल्याणच्या कारखान्यात प्यूजोशी भागीदारी करून ३०९ ही गाडी निघाली, तिची एंजिने प्यूजोची. पुढे २००९ मध्ये चिंचवडहून निघालेल्या रिओ या गाडीत आधी प्यूजोच्या वंशातील डिझेल एंजिन होते, आणि २०१२ मध्ये आरंभी उल्लेखिलेले फियाटचे १,२४८ घन सेंटिमीटरचे एंजिन बसवले गेले.

लहान कारखान्याने स्वतःचे एंजिन केलेच नाही असे मात्र नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या दोन आसनांच्या छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला. एंजिन मागच्या बाजूस बसवलेले आणि हवेने थंड होणारे होते. पाणी, त्याची टाकी, नळ्या हे सर्व वगळल्यामुळे ओतकामातील सर्वांत अवघड भागच टळतो, हे वर सांगितलेल्या विवेचनावरून ध्यानात येईल. लहान कारखान्याने एंजिन करावयाचे तर कोठून आरंभ करावा हे कुलकर्णी यांना बरोबर समजले होते. पुढील पाव शतकात त्यांनी गाडीचे आणखी नमुने केले. गाडीचे व्यापारी उत्पादन झाले नाही. नमुना आणि उत्पादन यांमधील दरी बुद्धीने ओलांडता येत नाही, तिला भांडवल, परवाना आणि पुरवठादार लागतात, याचे मीरा हे महाराष्ट्रातील सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. या गाडीचा तांत्रिक इतिहास अद्याप कोणी सविस्तर लिहावयास हवा होता.

दुसऱ्या टोकाला टेल्कोचे उदाहरण आहे. ही कंपनी १९५४ ते १९६९ या काळात डेम्लर-बेंझच्या करारान्वये मालमोटारी बनवीत होती. म्हणजे तीही परवान्यावरच वाढली. परंतु करार चालू असतानाच, १९६६ मध्ये, तिने पुण्यास अभियांत्रिकी संशोधन केंद्र काढले. त्यामुळे करार संपल्यावर आराखडे करणारी माणसे कंपनीत होती. त्याचे फळ मोटारगाडीच्या क्षेत्रात दिसावयास तीस वर्षे लागली. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या इंडिकाचे ७५ मिलिमीटर व्यासाचे, १,४०५ घन सेंटिमीटरचे डिझेल एंजिन परदेशी सल्लागारांचे साहाय्य घेऊनही कंपनीचे स्वतःचे होते. अर्थात टेल्कोला मालमोटारींच्या खपाचा आधार होता, तो प्रीमियरला नव्हता, आणि म्हणून दोन्ही कारखान्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तथापि संशोधन केंद्र म्हणजे उत्पादनासाठी तयार एंजिन नव्हे. चाचणीची दोन-चार मेजे आणि पंधरा-वीस अभियंते यांचा खर्च यंत्रांच्या रांगेच्या खर्चाच्या तुलनेने अल्प असतो. योगायोग असा, की त्याच १९६६ साली पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. ज्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा परवडत नाही त्यांनी मिळून एक चालवावी, हा अशा सहकारी संस्थांमागील मूळ विचार होय. पुढे प्रदूषणाचे व सुरक्षिततेचे नियम आल्यावर प्रमाणपत्रे देणे हेच तिचे मोठे काम झाले. कारखान्यांनी सामायिक एंजिन विकसित करावे ही शक्यता मागेच राहिली. वास्तविक चाळीस हजार गाड्यांच्या बाजारात तीन कारखान्यांची तीन परकी एंजिने असण्यापेक्षा एक सामायिक एंजिन असते, तर वर दिलेल्या हिशेबातील ८३३ रुपयांचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आला असता. तिन्ही कारखान्यांचे परदेशी करार वेगवेगळे आणि परस्परांशी बांधील नसलेले असल्यामुळे ते घडणे कठीण होते. अशक्य होते असे म्हणवत नाही.

प्रीमियरच्या एंजिनावरील शेवटचे मोठे प्रयोग कारखान्याबाहेर झाले. मुंबईतील जुन्या टॅक्सी प्रदूषणाच्या कारणास्तव संपीडित नैसर्गिक वायूवर आणण्याचे न्यायालयीन आदेश निघाल्यावर हजारो पद्मिनींच्या डिकीत वायूच्या टाक्या बसल्या. पेट्रोलसाठी १९३७ मध्ये मापलेले एंजिन वायूवर चालवताना ठिणगीची वेळ किती पुढे न्यावी, झडपांच्या बैठका लवकर झिजू लागल्यास काय करावे, घाटावर शक्ती कमी पडल्यास मिश्रण कसे बदलावे, हे कुर्ला, भायखळा आणि दादर येथील मिस्त्रींनी हाताने व कानाने ठरवले. हे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नाही. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ते मिस्त्री अद्याप आहेत. त्यांपैकी बरेच आता इतर गाड्यांची कामे करतात.